फोन तुझं अक्षर वाचतच नाही

कोथरूड, पुणे

प्रिय मिलिंद,

स. न. वि. वि.

तुझ्या पत्रात चिनी भाषेपेक्षा अक्षरांचा सराव करून घेणाऱ्या त्या ॲपला घातलेल्या शिव्याच जास्त होत्या. बरोबर काढलेली रेघही ते लाल करून चूक ठरवतं, ही तक्रार मात्र रास्त आहे. आमच्या शनिवारच्या चिनीच्या वर्गातही चहाच्या वेळी हेच चालतं: "अरे, बरोबर काढलं होतं, तरी लाल!"

एक लक्षात घे, हाताने लिहायचा कीबोर्ड आणि सरावाचं ॲप ही दोन वेगळी जनावरं आहेत. कीबोर्डला खरंच ओळखायचं असतं. हजारो अक्षरांतलं हे कुठलं, असा तो अंदाज बांधतो, म्हणून गिचमिड लिहिलेलंही बऱ्याचदा खपतं. सरावाच्या ॲपला उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याच्याकडे प्रत्येक स्ट्रोकची, म्हणजे न उचलता काढायच्या एकेका रेघेची, एक ठरलेली वाट साठवलेली असते. तू बोट उचललंस की ते तपासतं: सुरुवात आणि शेवट त्या वाटेच्या टोकांजवळ आहेत का, दिशा तीच आहे का, लांबी बेताची आहे का, वळण साधारण जुळतंय का. 'हान्झी रायटर' नावाची एक मुक्त प्रणाली आहे, तिचा कोड कुणालाही वाचता येतो. तीही असंच करते. किती सैल सोडायचं याचा तिच्यात एक आकडा असतो, आणि आपण काही बदललं नाही तर तीन चुकांनंतर ती स्वतःच स्ट्रोक दाखवते. म्हणजे तुझं पूर्ण अक्षर कुणी बघतच नाही, एकेका रेघेची हजेरी लागते फक्त.

आता तुझ्या 'लाल'ची कारणं. पहिलं तुझ्या हातातच आहे. तू मोडी शिकलेला माणूस, लेखणी न उचलता पळायची तुला सवय. चिनी लोकही घाईत स्ट्रोक जोडूनच लिहितात, त्या वळणाला शिंगशू म्हणतात आणि तिकडे ते सर्रास चालतं. ॲपच्या लेखी मात्र बोट उचललं की स्ट्रोक संपला. 'तोंड' या अर्थाचा तो साधा चौकोन घे. त्याचे स्ट्रोक तीन: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून एक, शेवटी खालची. कोपऱ्यावर बोट उचललंस तर चार झाले, एका दमात चौकोन काढलास तर एकच. दिसायला तिन्ही चौकोन सारखेच.

दुसरं कारण फोनचं. टिंब काढताना आपण नुसतं टेकवतो. बोट सरकलंच नाही तर दिशा कुठून काढणार ते? टिंबसुद्धा थोडं ओढायचं, बहुतेक वेळा खाली उजवीकडे. आणि डाव्या कडेपासून सुरू होणारी आडवी रेघ काढताना एकदम मागचा पडदा येतो म्हणतोस, तो ॲपचा दोष नाही. अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट सरकवलं की मागे जायची खूण आली आहे. सेटिंगमध्ये जाऊन खाली तीन बटणांची जुनी पद्धत लाव, ती कटकट संपेल.

तिसरं कारण जास्त गमतीचं. वहिनी जपानी शिकवते हे तुला माहीत आहेच. तिने माझ्या फोनवर 'उजवा' हे अक्षर काढलं आणि पहिल्याच स्ट्रोकला नापास झाली! जपानमध्ये 'उजवा' तिरक्या रेघेने सुरू होतो आणि 'डावा' आडव्या रेघेने. चीनमध्ये दोन्हींची सुरुवात आडवीने. दोघंही आपापल्या घरी बरोबर. गवताचं डोकं, म्हणजे माथ्यावर गवताची खूण, असलेली अक्षरं बघ: चीनच्या प्रमाणात त्या डोक्याचे तीन स्ट्रोक, तैवानच्या प्रमाणात चार. चीनने १९९७ साली ७००० अक्षरांचा स्ट्रोकक्रम छापून पक्का केला, तैवानच्या शिक्षण मंत्रालयाने त्याच्या आदल्याच वर्षी स्वतःचा. तेव्हा कुठल्याही ॲपमध्ये आधी बघायचं, ते कुणाचा क्रम धरून बसलंय. तुझ्या कंपनीची यंत्रं चीनमधल्या सूचौहून येतात ना? मग चीनचाच धर.

प्रत्येक वेळी यंत्रच चुकतं असंही नाही. 'हजार' आणि 'कोरडा' ही अक्षरं शेजारी ठेव. दोन्हींत तीनच स्ट्रोक, फरक पहिल्यात. 'कोरडा'ची वरची रेघ डावीकडून उजवीकडे जाते. 'हजार'ची जवळजवळ तशीच आडवी दिसते, पण ती उजवीकडून डावीकडे उतरते. तू 'हजार' डावीकडून सुरू करत असशील तर तो लाल रंग तू मुकाट्याने घ्यायचास.

मला काळजी वाटते ती हिरव्याची, म्हणजे ॲप 'बरोबर' म्हणतं त्याची. 'माती' आणि 'विद्वान' या दोन अक्षरांत स्ट्रोक तेच, क्रम तोच: आडवी, उभी, आडवी. मातीत खालची आडवी लांब, विद्वानात वरची. एकेक स्ट्रोक सुटा तपासणाऱ्या सैल ॲपला दोन्ही रेघा सारख्या काढल्या तरी चालतात. वर तुझी वाकडी रेघ पुसून तिथे छापील सुबक रेघ बसवतं, की तुला वाटावं आपणच काढली! परीक्षकाने पेपर तपासता तपासता मुलाचं अक्षर सुधारून द्यावं, तसला प्रकार. काही ॲपमध्ये अक्षर पूर्ण होईपर्यंत आपलीच रेघ ठेवायची सोय असते. ती शोध आणि आधी चालू कर. पार्श्वभूमीला दिसणारं पुसट अक्षरही बंद कर, नाहीतर ते नुसतं गिरवणं होतं.

क्रम पाठ करायला ॲपसारखं दुसरं काही नाही, ते सोडू नकोस. हाताला मात्र वहीच लागते. अप्पा बळवंत चौकातून मोठ्या चौकटींची वही आणलीय तुझ्यासाठी. प्रत्येक घरात पेन्सिलने एक आडवी आणि एक उभी रेघ मारून चार भाग कर, तिकडची मुलंही तशाच घरांत लिहितात. आणि ढीगभर अक्षरं हाताने लिहायचं दडपण घेऊ नकोस. २०२१ पासून लागू झालेल्या चीनच्या भाषा-परीक्षेच्या नव्या पातळ्यांत परकीयांनी ओळखायची अक्षरं ३००० असली, तरी हाताने लिहायची १२००च आहेत. 'च' काय लावतोय मी, तीही काही कमी नाहीत!

पहिलं पान भरलं की फोटो पाठव, शनिवारी बाईंना दाखवतो. लाल पेन त्यांच्याकडेही आहे, पण का ते त्या सांगतात. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन जा, आणि येताना सांगलीची हळद आण. वहिनीने दोनदा आठवण केलीय.

तुझा,
सुहास