‘फेमस’ला पर्याय

दादर, मुंबई.

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. तुझी कन्या पर्यटकांना मुंबई दाखविण्याच्या कामाची तयारी करते आहे, हे वाचून आनंद झाला. आणि तिने लिहिलेल्या इंग्रजी निवेदनाच्या बारा ओळींत ‘फेमस’ नऊ वेळा आले आहे, हे वाचून हसूही आले. दोष तिचा एकटीचा नाही. गेटवे, क्रॉफर्ड मार्केट, लता मंगेशकर आणि कोपऱ्यावरचा वडापाव या सर्वांना आपण ‘प्रसिद्ध’ म्हणून मोकळे होतो, आणि इंग्रजीत लिहायला बसलो की त्या एका शब्दासाठी एकच शब्द हाताशी धरतो. वास्तविक एखादे नाव लोकांच्या तोंडी का आहे, हे विशेषणातूनच सांगता येते. मराठीतही नामवंत, ख्यातनाम, कुख्यात असे शब्द आपण पारखून वापरतो. मात्र भाषा बदलली की ती पारख घरी ठेवून निघतो.

मला हा धडा कसा मिळाला, ते तुला कधी सांगितले नव्हते. आमच्या इमारतीच्या गणेशोत्सवात एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांना पाहुणे म्हणून बोलावले होते आणि निमंत्रणपत्रिकेचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे होता. नुसते ‘फेमस’ फिके वाटले म्हणून, ‘इन’ लावले की वजन वाढत असेल अशा समजुतीने, मी ‘इन्फमस’ लिहिले. अडीचशे पत्रिका छापून वाटूनही झाल्या. व्यासपीठावर सरांनी चष्मा कपाळावर सरकवून पत्रिका वाचली, खिशातले शाईचे पेन काढले, पहिली दोन अक्षरे खोडली आणि काही न बोलता ती माझ्या हाती परत दिली. ‘इन्फमस’ म्हणजे कुप्रसिद्ध, एखाद्या काळ्या कृत्याने नाव झालेला. त्याचा उच्चारही ‘इन-फेमस’ असा नसून पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘इन्फमस’ असा होतो, हे मला नंतर कळले.

याच कुळातला ‘नोटोरिअस’ तिने नीट समजून घ्यावा, कारण मुंबईत त्याची रोज गरज पडते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ ‘ठाऊक असलेला’ एवढाच होता; पुढे त्याला वाईटाचा वास चिकटला. आपल्या ‘नामचीन’चे तसेच झाले आहे: हिंदीत नामचीन गायक चालतो, मराठीत नामचीन म्हटले की पुढे गुंडच येतो. परंतु ‘इन्फमस’ला पाप लागते, तर ‘नोटोरिअस’ला नुसता त्रासही पुरतो. पावसाळ्यात पाणी तुंबण्यासाठी हिंदमाता ‘नोटोरिअस’ आहे, असे तिने बेलाशक म्हणावे. तेथील कपड्यांच्या दुकानांसाठी मात्र ‘वेल-नोन’ म्हणावे. ठिकाण एकच असले तरी कारण बदलले की विशेषण बदलते.

आता गेटवेविषयी. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या दोहोंना आपण ‘ऐतिहासिक’ म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. इतिहासाशी संबंधित ते ‘हिस्टॉरिकल’: जुने नकाशे, कागदपत्रे, कादंबऱ्या. इतिहासात ज्याने महत्त्वाचे स्थान मिळविले ते ‘हिस्टॉरिक’. पंचम जॉर्ज 1911 साली येथे उतरला तेव्हा आजची कमान उभीही नव्हती, ती 1924 साली पूर्ण झाली. आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीतून बाहेर पडली. ती घटना ‘हिस्टॉरिक’, आणि तिच्यामुळे ती जागाही. 8 ऑगस्ट 1942 च्या ‘छोडो भारत’ सभेमुळे गवालिया टँक मैदानही तसेच. हे दोन प्रसंग तिने सांगितले, तर ‘फेमस’ उच्चारण्याची वेळच येणार नाही.

‘आयकॉनिक’ हल्ली फरसाणालाही लावतात, म्हणून मी तो जपून वापरतो. ज्याचे नुसते चित्र पाहून शहर ओळखू येते, त्यालाच तो शोभतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाला शोभतो, राजाबाई टॉवरलाही मी देईन, त्यापुढे हात आखडता घेईन.

माणसांच्या बाबतीत अधिक सांभाळावे लागते. ‘एमिनंट’ हा विद्वान, न्यायाधीश, शल्यविशारद अशांसाठी; गडबडीत ‘इमिनंट’ झाला, तर डॉक्टर म्हणजे आता ओढवणारे संकट असा अर्थ निघायचा. ‘लेजंडरी’ गावसकरांना द्यावा, कालच्या सामन्यातल्या शतकवीराला नको. नाना शंकरशेट यांना नुसते ‘फेमस’ म्हटले तर परदेशी पाहुण्याला काहीच कळत नाही. ‘पब्लिक-स्पिरिटेड’ म्हटले, की शाळांसाठी आणि रेल्वेसाठी झटलेला माणूस त्याच्यापुढे उभा राहतो. आणि त्यांच्या नावामागे ‘लेट’ लावू नये, असे तिला आवर्जून सांग. आपण ‘कै.’ कितीही वर्षांनी लिहितो, पण इंग्रजीतला ‘लेट’ अलीकडच्या काळात निवर्तलेल्यांसाठी असतो. नाना तर 1865 सालीच गेले.

पुढच्या महिन्यात तिला चार दिवस आमच्याकडे पाठव. सकाळी लवकर, फोटोवाल्यांची गर्दी होण्यापूर्वी, तिला गेटवेपाशी उभी करीन आणि ‘फेमस’ न वापरता पाच मिनिटे बोलायला लावीन. सरांनी खोडलेली ती पत्रिका माझ्या कपाटात अजून आहे. शाई फिकट झाली आहे, पण रेघ दिसते. तीही तिला दाखवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दादरचा मित्र