दत्तूची सायकल, म्हणजे तुझीच

फोंडा, दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

चवथीला आला नाहीस, दिवाळीला 'नंतर करतो' म्हणून फोन ठेवलास तो ठेवलासच, आणि मग मीही हट्टाने गप्प बसलो. ते भांडण समोरासमोर करू. आईचा गुडघा आहे तसाच आहे, माझी साखर ताब्यात आहे, तब्येतीचं एवढंच. लिहायला बसलो कारण दत्तू तुझी सायकल घेऊन निघालाय.

तुझी म्हणजे तीच, पुण्याला जाताना त्याच्या गळ्यात बांधलेली हायब्रिड. नाताळच्या सुट्टीत केरीला फेरीबोटीत चढवायची, पलीकडे तेरेखोल, मग रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, मालवण असं किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरी, पुढे जयगडची फेरीबोट पकडून गुहागर, आणि चिपळूणहून कोकण रेल्वेने परत. एकटा. विचारलं तर म्हणतो, "कांयच जावचें ना", काही होणार नाही. हे वाक्य तू आणि मी यापूर्वी कुठे ऐकलंय ते तुला सांगायला नको.

दत्तूची पन्नाशी आणि हा प्रवास मिळून एकच भेट द्यायची असं ठरलं. अकरा हजार जमलेत आणि ते माझ्याकडे दिलेत, म्हणजे शिव्या खायचं कामही माझ्याकडे. उल्हासला जीपीएसवालं सायकल कॉम्प्युटर हवंय. गुणो म्हणतो गादीवाली शॉर्ट आणि जर्सी. शैलावहिनी म्हणतात चांगलं हेल्मेट द्या. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे आणि तिन्ही गोष्टी गुपचूप आणायच्या भेटी नव्हेत.

अंगाला लागणारी वस्तू ज्याची त्याने घ्यावी. गादीवाली शॉर्ट आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते. ती इंचभर सैल झाली तर गादी सरकते आणि मांड्या सोलून निघतात. सीटची रुंदी बसायच्या दोन हाडांमधल्या अंतरावर ठरते, पोटाच्या घेरावर नाही (हे उल्हासला तू सांग, माझं ऐकत नाही). हेल्मेटला डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये लागतो. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली जुळलेले, आणि पट्टा न लावता मान हलवली तरी जागचं हलता कामा नये. दुकानात डोकं घेऊन गेल्याशिवाय हे कळत नाही. आतल्या लेबलवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी, म्हणजे सुरक्षेचं मानक, लिहिलंय का ते बघायचं, आणि एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो. वहिनींना म्हटलं, हेल्मेटसाठी दत्तूला दुकानात घेऊन जाऊ, भेट म्हणून डबा नको. त्या रुसल्यात.

कॉम्प्युटरचं तर बोलायलाच नको. तेवढ्यात सगळे पैसे संपतात, आणि किनाऱ्याचा रस्ता चुकायचा म्हटलं तरी एका बाजूला समुद्र आहे. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं.

आता तुझ्याकडचं काम. दत्तू त्या सायकलीजवळ कुणाला फिरकू देत नाही. मी टायरवरचा आकडा वाचायला वाकलो की त्याला वास लागलाच. बिल तुझ्याकडे आहे, आणि मागचं चाक तू बदललं होतंस ते कुठलं, हेही तुलाच ठाऊक. टायरच्या कडेला '३७-६२२' असं काहीतरी कोरलेलं असतं, मला ते हवंय. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. नुसतं 'सातशेचं' किंवा 'अठ्ठावीस इंची' सांगू नकोस. ७००सी आणि २९ इंची दोन्ही ६२२च असतात, फरक फक्त रुंदीत, पण २८ इंची कधी ६२२ असतं तर जुन्या साध्या सायकलींचं ६३५. साडेसत्तावीस म्हणजे मात्र ५८४, त्याची ट्यूब यात नको. ट्यूबच्या खोक्यावर रुंदीची हद्द लिहिलेली असते. २८ ते ३२ची ट्यूब ३७च्या टायरात ताणून बसते खरी, पण ताणलेलं रबर पातळ होतं आणि बाभळीचा काटा वाटच बघत असतो.

दुसरं, व्हॉल्व्ह जाडा की बारीक? जाडा असेल तर स्कूटरसारखाच, पेट्रोल पंपावर हवा मिळते. बारीक असेल तर हवा भरण्याआधी टोकाचा नट सैल करावा लागतो आणि पंपवाला तोंडाकडे बघत बसतो. त्यासाठी नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवायचा. उगाच 'जाडाच घाल' म्हणू नकोस. बारीक व्हॉल्व्हच्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं, जाड्याला साडेआठ लागतं. मी रिमला ड्रिल लावणार नाही.

माझ्या यादीत आत्तापर्यंत दोन ट्यूब, टायर उचकटायचे प्लॅस्टिकचे तीन लिव्हर, पॅच, नळीवाला हातपंप आणि मल्टिटूल आहे. ट्यूब टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घालायच्या. हत्यारांच्या पिशवीत तशाच टाकल्या तर घासून घासून न वापरताच भोक पडतं. सोल्यूशनची ट्यूब नवी हवी. एकदा फोडलेली पुढच्या खेपेला आतून वाळलेली निघते. दत्तूला पंक्चर काढता येतं, पण घाई करतो. पॉलिश पेपरने घासायचं, पातळ थर द्यायचा आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच. ओल्या सोल्यूशनवर चिकटवलेला पॅच वेंगुर्ल्याला उखडणार. आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवायचं, कापड जिथे अडकेल तिथे काटा. दुसरं पंक्चर बहुतेक वेळा पहिल्याच काट्याचं असतं.

पंपावरून तू आत्ता गॅसच्या नळकांड्याचं काढणार, माहीत आहे. तू जिंकला होतास तो वाद फक्त आवाजावर. १६ ग्रॅमचं नळकांडं एका झटक्यात टायर भरतं, मान्य. पण ते एकदाच. शिवाय कार्बन डायऑक्साइड रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, सकाळी टायर मऊ. दत्तूसारख्याला दोनदा पंक्चर झालं तर तो काय दुसरं नळकांडं फुंकणार? नळीवालाच पंप, कारण नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो, दर झटक्याला व्हॉल्व्ह हलतो आणि मुळाशी चिरतो. तिथे पॅच बसत नाही, ट्यूब गेलीच.

मल्टिटूलमध्ये ४, ५, ६ची एलन की आणि टी-२५ (चांदणी तोंडाची) असलं की बाकी शोभा. चेन तोडायची खीळ त्यातच असली तर उत्तम, सोबत चेनची एक क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी. पण लिंक गिअरच्या संख्येप्रमाणे वेगळी, तेव्हा मागच्या चकत्या आठ की नऊ ते कळव. चेन बदलायची वेळ झालीय असा मला संशय आहे. चेनची झीज मोजायची पट्टी टाकून तिचं ०.७५चं टोक खाली उतरलं तर निघण्यापूर्वीच बदलू, आणि मागच्या चकत्या फार झिजल्या असतील तर त्याही, नाहीतर झिजलेल्या दातांवर नवी चेन चढाला उड्या मारते. आणि तो रस्ता सगळा चढच आहे. खाडीला उतरायचं, पूल किंवा होडी, की परत सड्यावर. पुढची लहान चकती किती दातांची आहे रे? ३०च्या खाली असेल आणि मागची मोठी ३२-३४ असेल तर त्याच्या गुडघ्यांची मला काळजी नाही.

तेल म्हणशील तर डिसेंबरात पातळ, कोरड्या हवेचं. पावसाळ्यातलं जाड तेल आता घातलं की जांभ्याची लाल धूळ बसून चेनची वाटण तयार. आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, थोडा वेळ थांबायचं आणि बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. पुसण्याचं काम दत्तू करत नाही. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नव्हे, आणि तो उडून ब्रेकच्या डिस्कवर गेला तर पॅड बाद, किंचाळत बसतील. ब्रेकचे पॅड मी नवेच घालून देणार. पॅडवरचा मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की संपला, आणि उतारावर ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबायचा, चाक न अडकवता, मग ते बसतात. पॅडचा आकार मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून कॅलिपरवरचं (पॅड धरून डिस्क दाबणारा भाग) नाव मला लागेल. जुन्या फोटोत दिसत असेल तर मोठा करून बघ.

आता कॅरियर. हो, तेच, जे तू 'सायकल पोदेराची दिसते' म्हणून काढून फेकलंस. पोदेर त्या कॅरियरवर अख्ख्या वाड्याचे पाव नेतो आणि तुला लाज वाटली! चौकटीला मागच्या आसाजवळ आणि सीटखाली एम-५ची भोकं आहेत ना, की तीही रंगाने बुजवलीस? असतील तर २५ किलोचं कॅरियर बसतं, पण मागे डिस्क असल्यामुळे कॅलिपरला वळसा घालणारं घ्यावं लागेल. स्क्रूला निळं थ्रेडलॉक, कारण असल्या रस्त्यावर स्क्रू हळूहळू फिरून पडतात. पहिल्या मुक्कामी सगळे पुन्हा आवळायचे. भोकं नसतील तर सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरियर येतं, पण ते नऊ-दहा किलोचं, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या पिशव्या लटकवल्या की डुलतात. पिशव्या तोंड गुंडाळायच्या, शिवणीऐवजी चिकटवलेल्या जोडांच्या. तोंड निदान तीन वेळा गुंडाळलं नाही तर पाणी शिरतं. जड सामान तळाला, खालचा हूक कॅरियरच्या दांडीत अडकलेला, नाहीतर खड्ड्यात पिशवी उडून आऱ्यांत जाते. आणि पेडल मारताना टाच पिशवीला लागते का, हे बसवून बघायचं. दत्तूचं पाऊल दहा नंबरचं.

खरी झोप उडालीय ती दिव्यापायी. तो पहाटे चारला निघणार, ऊन टाळायला. नाताळात त्या रस्त्यांवर रात्रभर जागलेले पर्यटक गाड्या चालवत असतात, हे तुला मी काय सांगू. त्याचा मागचा दिवा सीटच्या दांड्याला आहे. कॅरियरवर पिशवी आणि वर गुंडाळलेली चटई ठेवली की तो दिवा संपूर्ण झाकला जातो, आणि स्वाराला ते कधीच दिसत नाही कारण तो पुढे बसलेला. म्हणून मागचा दिवा कॅरियरच्याच शेवटी स्क्रूने बसणारा हवा. त्याच्या दोन भोकांतलं अंतर ५० किंवा ८० मिलिमीटर असतं, कॅरियर त्याच्याशी जुळलं पाहिजे. म्हणूनच दोन्ही एकत्र घ्यायचं म्हणतोय. एक दिवा स्थिर, एक लुकलुकता. नुसता लुकलुकता असला की मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. पुढचा ४०० ल्युमेनचा पुरे, पण खोक्यावरचे तास वाचून फसू नये, ते मंद प्रकाशाचे असतात. पूर्ण प्रकाशात बहुतेक दिवे दीड-दोन तासांत मान टाकतात, म्हणून पॉवर बँक. तोंड किंचित खाली, समोरच्याच्या डोळ्यांत नको. आणि घोट्याला चमकणारे पट्टे. अगदी स्वस्त, पण पाय वरखाली होतात म्हणून लांबून कळतं की ही सायकल आहे. उल्हास याला 'शाळेच्या बँडचा गणवेश' म्हणाला. म्हणू दे.

गुणोला समजावायला स्टीलच्या थर्मासचा बेत होता, तोही बारगळला. पिंजऱ्यात साधारण ७३-७४ मिलिमीटर व्यासाचीच बाटली धरते, जाडी घातली तर निघत नाही, बारीक घातली तर उताराला उडते. ओआरएसची पाकिटं द्यावीत म्हटलं, पण त्याला बीपीची गोळी चालू आहे, मिठाचं आधी डॉक्टरला विचारू. घेतलंच तर मोठं पाकीट पूर्ण एका लिटरला, अर्ध्या बाटलीत कोंबायचं नाही.

परतीला रेल्वेत सायकल सामानाच्या डब्यात, पार्सल ऑफिसात नोंदवून. पेडल काढावी लागतील. डावं पेडल उलट्या आट्यांचं, हे त्याला तूच फोनवर सांग. मी सांगितलं की तो मुद्दाम दुसरीकडे फिरवतो.

तुझ्या पोरीचं अ‍ॅडमिशन झालं का रे? आणि ती नवी नोकरी, की अजून तोच साहेब? सुनंदाला सांग, कोकमं वाळवून ठेवलीत, येणाऱ्याबरोबर पाठवतो.

टायरचा आकडा, व्हॉल्व्ह, मागच्या चकत्या, कॅलिपरचं नाव, चौकटीची भोकं. येत्या शनिवारपर्यंत पाठव, सोमवारी मी पणजीला दुकानात जाणार आहे. आणि कॅरियर खरंच फेकलं होतंस की पुण्याच्या माळ्यावर आहे, तेही सांग. असेल तर तेवढे पैसे वाचतील आणि दिवा चांगला येईल.

तुझा,
रघू