चाकणला येत नाही, बापू

खानापूर
20 जुलै

प्रिय बापू,

परवा फोनवर 'बघतो गा' म्हणालो, ते खोटं होतं. चाकणला नोकरीला मी येत नाही. तू साहेबाशी बोलून ठेवलंस, खोलीसुद्धा बघितलीस, आणि मी हा असा. शिव्या घाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच. वाचायला तुला कुणी शिकवलं, ते आठवतंय न्हवं?

तिसरीत होतो आपण. गुर्जी एकटे, वर्ग चार. तुला घ आणि ध काही केल्या वेगळे ओळखू येईनात. वैतागून गुर्जींनी तुला माझ्याजवळ आणून बसवलं. मी म्हटलं, घराचं छप्पर सलग असतंय बघ, फट पडली तर पाऊस आत येईल, म्हणून घ ची वरची रेघ अख्खी. धनगराच्या मुंडाशाचा पिळा एका बाजूला येतो, म्हणून ध ला वेटोळं आणि रेघ तुटकी. तू पाटीकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि मधल्या सुट्टीत सोसायटीच्या बोर्डापुढं उभा राहून 'धान्य' असं ओरडलास. तीनदा. तुला हे आठवत नसेल. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही, दुपारी तुला आणखी काय शिकवू हेच डोक्यात.

नंतर सगळा गाव बेळगावच्या मराठा सेंटरच्या लष्करभरतीसाठी पहाटे पळायला लागला, तेव्हा मीही पळालो, पण मन नव्हतं. बाबा म्हणाले, मास्तरकीला पैसे लागतात, फौंड्रीला नुसते हात. सहा वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला काढली. नाक शिंकरलं की काळं. ती वर्षं वाया गेली असं मी म्हणत नाही, पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. साठवलेल्या पैशांत डी.एड. केलं, टीईटीचा पहिला पेपर काढला. भरती निघेल तेव्हा निघेल. तोवर अतिथी शिक्षक. दर वर्षी नव्यानं अर्ज, मानधन कधी तीन महिन्यांनी एकदम, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. एप्रिल-मे मी कौलांच्या कारखान्यात माल भरायला जातो, हे घरच्यांखेरीज फक्त तुला माहीत आहे.

तू म्हणालास, 'वर्षानुवर्षं तेच गमभन, डोकं गंजत नाही काय तुझं?' याचं उत्तर फोनवर देता आलं नाही.

माझ्याकडं पहिली ते तिसरी एकाच खोलीत आहेत. सगळी मिळून एकोणीस, त्यातली पहिलीत सात. कर्नाटकात याला 'नली-कली' म्हणतात. 1995 साली म्हैसूरकडं हेग्गडदेवनकोटे तालुक्यात हे सुरू झालं. कन्नडात अर्थ साधा आहे, नाच आणि शीक. एकाच खोलीत पाच गट. एका गटाला पूर्णपणे मी लागतो, एकाला थोडा, मधले दोन एकमेकांच्या कमी-जास्त आधारानं शिकतात, आणि शेवटचा स्वतःचं स्वतः. प्रत्येक पोराची शिडी भिंतीवर, कोण कुठल्या पायरीवर आहे ते पोरंच सांगतात. शिकायची कार्डं सरकारकडून उशिरा येतात, तो भाग सोड. कार्डं नसली तर आपली खानापूरची माती आहेच. कौलांना आणि मडक्यांना चालते ती अक्षरांना का चालू नये? मी ग, म, भ, न मातीचे वळायला लावतो. काना जोडला की ग चा गा होतो, हे बोटांना कळतं ते पाटीवर कळत नाही.

खरी गंमत भाषेची. आपली पोरं घरी काय बोलतात तुला माहीत आहे. 'गुर्जी, मी जेवूलालोय.' पुस्तकात असतं, 'मी जेवत आहे.' पहिल्या आठवड्यात एका पोरीनं मला विचारलं, 'पुस्तकातली माणसं कुठल्या गावची?' त्यात कागदोपत्री सगळं कन्नड. वरून आलेली सुत्तोले, म्हणजे परिपत्रक, मी रात्री घरी बसून मराठीत करतो, तेव्हा कुठं एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत वाचता येते. अक्षर दासोहच्या, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या रांगेत कन्नड शेजाऱ्यांची दोन पोरं येतात, 'ऊटा आयता?', जेवण झालं काय, म्हणून आमच्या पोरांशी बोलतात. पोरांना त्यात काहीच अडचण नाही. अडचण मोठ्यांना.

मी काय करतो, तर पोरगं जे बोललं ते तसंच फळ्यावर लिहितो. 'मी जेवूलालोय.' स्वतःच्या तोंडचं वाक्य फळ्यावर दिसलं की पोरगं ते वाचतंच, अक्षरं येवोत न येवोत. दिवाळीनंतर शेजारी पुस्तकातलं वाक्य लिहितो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते बघून 'हे अशुद्ध आहे' असा शेरा मारला. मी गप्प बसलो. ते गेल्यावर पुसलं नाही, एवढंच.

आता सीमाप्रश्नाचं. 1956 पासून चाललंय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला मीही जातो. पण फेरीत पुढं घोषणा देणाऱ्यांची पोरं सकाळी इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये चढताना बघतो, तेव्हा वाटतं, कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, पहिलीत सातच्या जागी पाच झाली तर निकाल कुणासाठी लागणार? लाज आणायला लिहीत नाही, तुझी पोरंही इंग्लिशलाच आहेत. मला पगार असता तर मी काय केलं असतं, छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तरी येत नाही. जुलै आहे, सातही पोरं अर्ध्यावर आहेत. आत्ता हात सोडला तर कुणी दुसरा येईल, कदाचित येणारही नाही.

पाऊस इतका आहे की खोलीच्या एका कोपऱ्यात बादली ठेवलीय. तिच्या शेजारी बसणारं एक पोरगं घ आणि ध मध्ये अडकलंय. काल त्याला तुझी गोष्ट सांगितली, छप्पर आणि मुंडासं. त्यानं वर गळणाऱ्या कौलाकडं बघितलं आणि म्हणाला, 'मग ही शाळा घ ची न्हवं, ध ची.' मग विचारलं, 'त्या बापूला आता येतंय काय?'

येतंय म्हणून सांगून बसलोय. गणपतीला आलास की एक दिवस शाळेत ये, आणि फळ्यावर दोन्ही लिहून दाखव. येताना पाट्यांवरच्या पेन्सिलींचे दोन डबे आण, इथं मिळतात त्या कचकच मोडतात.

तुझा,
राजू