पहाटेच्या मैफलीहून

कानात्सेई, इटली
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. नुसते फोटो पाठवले तर तू अंगठा दाखवून मोकळा होशील, म्हणून मुद्दाम पत्र.

आज पहाटे साडेतीनला उठलो. हसू नकोस. गुरुजींच्या शिकवणीला जायला ज्याच्या तोंडावर तू पाणी मारायचास तोच मी, आणि गजर व्हायच्या आधी उठलो. इथे डोलोमाइटच्या डोंगरांत एक संगीत महोत्सव असतो, 'इ सुओनी देल्ले दोलोमिती', म्हणजे डोलोमाइटचे नाद. १९९५ पासून चालू आहे. सभागृह नाही, मांडव नाही. डोंगरातली एखादी सपाटी ठरते आणि तिथवर ऐकणारे चालत जातात, वाजवणारेही. मारिओ ब्रुनेल्लो नावाचा मोठा चेलोवादक तर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच, पाठीला बांधून श्रोत्यांबरोबर दिवसचे दिवस हे डोंगर चाललाय. आणि आपण दोघं एक तानपुरा दुसऱ्या मजल्यावर चढवताना किती भांडायचो!

आजची मैफल सूर्योदयाची, कोल मार्गेरिता नावाच्या माथ्यावर. सान पेलेग्रिनोच्या खिंडीतून अंधारातच रोपवेने वर गेलो. उंची साधारण अडीच हजार मीटर आणि मी शहाणा कापडी बुटांत! दवाने मोजे ओलेचिंब. शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे न बघताच आपल्या घोंगडीचं टोक माझ्या पायांवर सारलं.

चेलोवाला बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून सूर जुळवत होता. लावायचा, कान द्यायचा, पुन्हा खुंटी पिळायचा. गारठ्यात तारा काही केल्या ठरेनात. व्हायोलिनवालीने नोटेशनच्या कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. मग त्याने बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या पहिल्या चेलो सुइटचं प्रेल्यूड, म्हणजे त्या रचनेचा सुरुवातीचा भाग, सुरू केलं. माईक नाही, आणि भिंती नाहीत म्हणून सूर परतूनही येत नाही. वाजला की गेला. त्यामुळे सगळे दाटीवाटीने पुढे सरकून, श्वाससुद्धा जपून घेत बसलेले.

तेवढ्यात मार्मोलादाचं टोक उजळलं. ३,३४३ मीटर, इथलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून पहिलं ऊन त्याला. मागोमाग पाले दी सान मार्तिनोचे कडे गुलाबी झाले. कधीकाळी समुद्रतळाशी असलेला हा फिकट दगड तिरप्या उन्हात असा रंगतो. इथल्या लादिन भाषेत त्याला 'एनरोसादिरा' म्हणतात, गुलाबी होणं. गोष्ट अशी, की लाउरिन राजाची जवळच्याच कातिनाच्चो डोंगरावर गुलाबांची बाग होती. त्या बागेपायी शत्रूच्या हाती सापडल्यावर चिडून त्याने तिला शाप दिला, दिवसा दिसू नकोस, रात्री दिसू नकोस. संधिप्रकाश मात्र विसरला. मला एकदम हिरण्यकश्यपूच आठवला! त्याचा वरही तिथेच फसला ना, ना दिवस ना रात्र म्हणताना.

आणि मग गुरुजी आठवले. ललत हा पहाटेचा राग, तो संध्याकाळी शिकवा म्हणालो होतो, तेव्हा कसे बघितले होते माझ्याकडे. खरं सांग, खऱ्या पहाटे ललत आपण किती वेळा ऐकलाय? मी मोजून दोनदा. आता रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून रात्रीचे राग संध्याकाळी ओढून आणायचे, आणि पहाटेचे सीडीवर, चहा पिता पिता, साडेनवाला. बाखला वेळेचं बंधन नाही, त्याला कधीही वाजवा. तरी ही माणसं त्याच्यासाठी अंधारात डोंगर चढतात, आणि ज्यांच्या रागांना प्रहर नेमून दिलेत ते आपण लोळत पडतो. राग येतो रे. स्वतःचाच.

पुढे व्हायोलिनवालीने काहीतरी आधुनिक वाजवलं, मला फारसं भिडलं नाही. तोवर ऊन चढलं होतं, कडे पुन्हा राखी झाले होते, लोकांचे मोबाईल बाहेर आले होते. संपल्यावर टाळ्या पडल्या, त्या थांबल्या तेव्हा खालच्या कुरणातून गाईंच्या घंटा ऐकू आल्या. आजीबाईंनी घोंगडी झटकून घडी केली, घडीचं एक टोक मी धरलं.

मी पंधरा तारखेला परततोय. त्यानंतरच्या रविवारी तानपुरा जुळवून ठेव, मी पाच वाजता दार वाजवीन. पहाटे पाच. वहिनींना आधीच सांगून ठेव, नाहीतर मलाच पाणी पडेल तोंडावर.

तुझाच,
ओल्या मोज्यांचा दोस्त