७ नोव्हेंबर : केशवसुतांची ओळ नीट छापा, नीट म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ नोव्हेंबर जवळ आला की केशवसुतांची आठवण निघते. वृत्तपत्रात छोटी चौकट येते, काही शाळांत फळ्यावर नाव लिहिले जाते आणि बहुतेक ठिकाणी 'तुतारी'चे पहिले कडवे म्हणून कार्यक्रम आटोपतो. तेवढे एक कडवेही अनेकदा चुकीचे छापलेले असते आणि म्हणून चुकीचे म्हटले जाते. याबद्दल थोडे तपशिलात लिहायचे आहे. चुका मोजक्या आहेत, त्यांची कारणे उघड आहेत आणि एका तासिकेत त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी माणसाविषयी. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले. त्यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचा. जन्मतारीख कुठे १५ मार्च तर कुठे ७ ऑक्टोबर अशी सापडते. दुसरी अधिक रूढ आहे. वडील शिक्षक. मॅट्रिक व्हायला वयाची तेविशी उजाडली आणि पुढचे सारे आयुष्य शाळेच्या नोकरीत गेले. आधी मुंबई. तिथे प्लेग पसरल्यावर खानदेशात भडगाव, १९०१ मध्ये फैजपूरला मुख्याध्यापक, १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक. १९०५ च्या ऑक्टोबरात ते हुबळीला नातलगांकडे गेले आणि ७ नोव्हेंबरला तिथेच प्लेगने त्यांचा अंत झाला. काही दिवसांतच पत्नीही गेल्या. कवीचे वय अवघे ३९. हयातीत एकही संग्रह निघाला नाही. कविता 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. त्या हरि नारायण आपट्यांनी गोळा करून पुस्तकरूपाने काढल्या, त्याही मृत्यूनंतर दहाहून अधिक वर्षांनी. उपलब्ध कविता आहेत सुमारे १३५.

'क्रांतिकारक कवी' हे बिरूद इतके मोठे झाले आहे की त्यामागचा शिक्षक दिसेनासा झाला. चरित्र सांगताना तुटपुंजा पगार, गावोगावची नोकरी आणि संसाराची ओढाताण एवढेच सांगून त्यांना बिचारे ठरवण्याची रीत पडली आहे. ती आम्हाला मुळीच पटत नाही. 'आम्ही कोण?' हे सुनीत (चौदा ओळींची कविता) १९०१ चे, म्हणजे फैजपूरच्या काळातले. कवीशिवाय जगाला किंमत नाही असे ठणकावणारा तो आवाज एका लहान गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकाचा आहे. फैजपूरच्या आणि भडगावच्या मुलांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवे.

आता छपाईकडे वळतो. 'तुतारी'ची (१८९३) प्रत्येक ओळ १६ मात्रांची आहे. लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ किंवा आघात आलेल्या अक्षराच्या दोन. 'एक तुतारी द्या मज आणुनि' ही ओळ चार-चारच्या गटांत सरळ बसते : एक तु, तारी, द्या मज, आणुनि. पुढची ओळही तशीच : फुंकिन, मी जी, स्वप्रा, णाने. आज फलकांवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत हीच ओळ 'आणुनी' आणि 'फुंकीन' अशी दिसते. दोन्हीकडे एकेक मात्रा वाढून १७ होतात. तिसऱ्या ओळीत 'भेदुनि टाकिन'चे 'भेदुनी टाकीन' केले की १८. मुले छापलेले तसेच म्हणतात, ठेका सुटतो, मग तो सावरण्यासाठी ओरडतात. 'तुतारी' म्हणजे आरडाओरडा हा समज निम्मा इथूनच आला आहे.

असे होण्याचे कारण अज्ञान नव्हे, उलट नियमांची अर्धवट माहिती आहे. १९६२ पासून रूढ झालेल्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. मुद्रितशोधक सवयीने 'आणुनि'चे 'आणुनी' करतो. पण त्याच नियमांत, पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला दिलेली आहे. शिवाय ही कविता त्या नियमांच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधीची. तेव्हा दुरुस्ती करू नये. 'तुतारी'तल्याच 'जुने जाउ द्या मरणालागुनि' या ओळीत 'जाउ' ऱ्हस्वच हवा. 'जाऊ' केले की पुन्हा १७. 'गोष्टी घराकडिल मी वदता गड्या रे' ही केशवसुतांचीच वसंततिलका वृत्तातली चौदा अक्षरी ओळ. तिथे 'घराकडील' असे 'शुद्ध' केले की सहावे अक्षर गुरू होते आणि वृत्तच कोसळते.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम (गण) ठरलेल्या वृत्तात, हे आणखी कडक आहे. 'आम्ही कोण?' शार्दूलविक्रीडितात आहे : ओळीत १९ अक्षरे, बाराव्यानंतर यती, म्हणजे थांबा. 'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी' ही बारा, 'आम्ही असू लाडके' ही सात. 'म्हणूनि'तला 'नि' ऱ्हस्वच. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हा पाठ केलेला नियम मुले इथे लावून पाहतात आणि 'कोण'चा 'ण' गुरू धरतात. मग गण जुळत नाहीत. 'म्ह'चा आघात मागच्या अक्षरावर येत नाही, म्हणून 'ण' लघूच राहतो. याउलट त्याच सुनीताच्या शेवटी 'गतप्रभ' आहे. तिथे 'प्र'चा आघात 'त'वर पडतो, 'त' गुरू होतो आणि तो तसा ठासून म्हणावाच लागतो. कान म्हणजे काय, हे या दोन शब्दांवरून वर्गाला पाच मिनिटांत कळते. कोणत्याही पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा हे चांगले, असे आमचे ठाम मत आहे.

यापेक्षाही मोठी चूक थांबण्याची. पहिली ओळ 'लाडके'वर संपते, वाक्य संपत नाही. ते दुसऱ्या ओळीच्या पहिल्या शब्दावर, 'देवाचे'वर पूर्ण होते. नुसती पहिली ओळ कापून चित्रावर छापली की अर्थ लंगडा राहतो : कुणाचे लाडके? म्हणताना 'लाडके'वर श्वास न सोडता 'देवाचे'पर्यंत जावे आणि तिथल्या स्वल्पविरामावर थांबावे. ओळ एकीकडे, वाक्य दुसरीकडे, हा या सुनीताचा जीव आहे. श्लोकाच्या चालीवर, प्रत्येक ओळीअखेर हेल काढून म्हटले की तो जातो.

शाळेसाठी पस्तीस मिनिटांची एक तासिका पुरते. सुरुवातीला फळ्यावर मालगुंड, मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड, हुबळी ही गावे आणि साले, बस. चरित्रावर पाच मिनिटांहून अधिक घालवू नयेत. मग 'तुतारी'. आधी शब्द न म्हणता बाकावर चार-चारचा ठेका धरायला लावावा, मग त्यावर ओळ. पहिल्या कडव्याच्या आधीच्या चार ओळी बऱ्या जातात. अडखळतात ते शेवटच्या 'अशी तुतारी'वर, कारण तिथे टाळी लघू 'अ'वर पडते आणि मुले तो 'आ'सारखा ताणतात. तेवढी ओळ वेगळी काढून हळू म्हणून घ्यावी. 'जुने जाउ द्या' या ओळीत चारचा गट शब्दाच्या मधोमध तुटतो, म्हणून तिथे ठेका आठ-आठवर धरावा. सगळा वर्ग एकदम म्हणू लागला की गती वाढत जाते. एका वेळी एकच रांग म्हणू द्यावी, बाकीच्यांनी ठेका धरावा.

उरलेला वेळ 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' (१८८८) या कवितेला द्यावा. रस्त्यात हाकलला गेलेला मुलगा घरी येऊन आईला प्रश्न विचारतो, एवढाच प्रसंग. पण तो एकोणिसाव्या शतकात, कवी स्वतः विद्यार्थिदशेत असताना लिहिलेला आहे. ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस आहे, कारण १९०० मध्ये याच तारखेला भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. एकाच तारखेला दोन कार्यक्रम कशाला, अशी तक्रार ऐकू येते. खरे तर ही कविता दोन्हींना एकत्र बांधते आणि तासिका एकच लागते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. शीर्षकातला शब्द त्या काळचा आहे, आज तो कुणासाठी वापरायचा नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. आणि या कवितेचे नाट्यीकरण करू नये. कुठल्याही मुलाला त्या मुलाच्या जागी उभे करण्याची गरज नाही. शिक्षकाने स्वतः वाचावी.

तारखेची अडचण खरी आहे. ७ नोव्हेंबर बऱ्याचदा दिवाळीच्या सुटीत येतो आणि ७ ऑक्टोबरच्या आसपास प्रथम सत्राची परीक्षा असते. त्यामुळे दोन्ही दिवस हुकतात आणि वर्ष तसेच जाते. सुटीनंतर शाळा उघडेल त्या आठवड्यातली मराठीची पहिली तासिका यासाठी राखून ठेवावी. कोकणातल्या शाळांची सहल गणपतीपुळ्याला जातेच. मालगुंड तिथून अगदी जवळ आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे कवीच्या जन्मघराचे स्मारक केले, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुले झाले. सहलीच्या आखणीत त्यासाठी दीड तास ठेवावा. परतीच्या घाईत पंधरा मिनिटांत ते होत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एकच विनंती. यंदा चौकटीत केवळ पहिली ओळ न छापता 'आम्ही कोण?' चौदाच्या चौदा ओळींसह छापावे आणि मुद्रितशोधकांना 'म्हणूनि', 'दिक्कालांतुनि' यांतले इकार ऱ्हस्व ठेवण्याची सूचना द्यावी. शाळा ते कात्रण काढून फलकावर लावतात, आणि मुले त्यावरूनच पाठ करतात.

आपले,
मराठीचे काही निवृत्त शिक्षक, जळगाव जिल्हा