सूचना: चॅप्टर पाठवण्याआधी संदर्भ नीट बघा

नमस्कार सगळ्यांना, लघुशोधप्रबंधाचे ड्राफ्ट यायला लागलेत, छान वाटतंय, पण एक गोष्ट आत्ताच बोलायला हवी. इंग्रजी पेपरमधला पॅरा मराठीत आणला म्हणून तो आपला होत नाही! विचार त्या लेखकाचा आहे, मग नाव, वर्ष, पान नंबर तिथल्या तिथे टाका, शेवटच्या यादीत एकदा नाव आलं की झालं असं नसतं. मराठी विश्वकोशातून घेतलंत तरी नोंद लिहिणाऱ्याचं नाव द्या, बहुतेक नोंदींच्या शेवटी ते असतंच आणि त्या माणसाने मेहनत घेतलेली असते हो. दोन-चार शब्द बदलून वाक्य तसंच ठेवणं हीपण उचलेगिरीच, त्यापेक्षा पुस्तक मिटून आपल्या भाषेत लिहा आणि मग मूळ मजकुराशी ताडून बघा. जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्ह हवंच.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये सुधारून परत द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. पण टक्का कमी आला म्हणून चोरलेला विचार माफ होतो असं कृपया समजू नका.

कुठल्या वाक्याला संदर्भ लागेल कळत नसेल तर इथेच विचारा, रात्री उशिरा विचारलंत तरी चालेल.