दुरुस्तीलाही मालकी हक्काचा मार्ग हवा : गिरगावच्या चाळी-वाड्यांसाठी गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त चाळी व वाड्यांच्या दुरुस्तीला पुनर्विकासाच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

गिरगावातल्या एका उपकरप्राप्त, म्हणजे जिच्या दुरुस्तीसाठी शासन उपकर घेते अशा चाळीचा भाडेकरू या नात्याने हे पत्र लिहीत आहे. पुनर्विकासाला सरसकट विरोध करण्याचा माझा हेतू नाही आणि चाळीच्या जुन्या आठवणी काढून गळा काढण्याचा तर नाहीच. माझे म्हणणे एवढेच आहे की, अजून सावरता येण्याजोगी शंभर वर्षांची इमारत दुरुस्त करून तिच्यातच राहू इच्छिणाऱ्या भाडेकरूच्या पदरात आजच्या नियमांनुसार प्रत्यक्षात काहीही पडत नाही. तीच इमारत पाडायला संमती देणाऱ्याला मात्र मालकी हक्काचे नवे घर विनामूल्य मिळते. हा भेद शासनाच्या नियमांनी निर्माण केला आहे आणि तो दूर करणेही शासनाच्याच हाती आहे.

हा भेद कसा रुजला, हे आपल्या विभागाला ठाऊक आहेच. तरी हे पत्र खुले असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मिळणाऱ्या भाड्यातून जिन्याची एक फळीही बदलता येईना, तेव्हा घरमालकाने इमारतीकडे पाठ फिरवली आणि खोली कधीच आपल्या नावावर होणार नाही हे माहीत असल्याने भाडेकरूनेही भिंतींत पैसा घातला नाही. पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेकरूचा हक्क दुसऱ्याला देण्याचे व्यवहार उघडपणे होत राहिले, १९९९ च्या कायद्याने त्यांना मान्यताही दिली, परंतु इमारतीची काळजी कोणी घ्यायची हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. इमारती पडू लागल्या म्हणून १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन शासनाने दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्या वेळी १९ हजार ६४२ इमारती या कायद्याच्या कक्षेत होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या.

त्यानंतर विकास नियंत्रण नियमावलीचे कलम ३३(७) आले. या कलमाखाली उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला ३ चटईक्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम) किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळते. प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने द्यावे लागते. आणि सध्याच्या नियमावलीनुसार त्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. समूह पुनर्विकासाच्या ३३(९) कलमाखाली निर्देशांक ४ पर्यंत जातो. दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या खोलीत दोन पिढ्या काढलेल्या, सामाईक संडासापुढे रोज सकाळी रांग लावलेल्या आणि पावसाळ्यात छताखाली पातेली मांडलेल्या कुटुंबापुढे एकीकडे हे घर आणि दुसरीकडे टेकू लावलेली तीच खोली, असे दोन पर्याय ठेवले, तर ते काय निवडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या कुटुंबाला दोष देणारे वारसाप्रेमी बहुधा चाळीत राहिलेले नसतात.

धोका खरा आहे, हेही मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण दगावले. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला आणि पुन्हा माणसे गेली. अशा घटना डोळ्यांसमोर असताना कोणताही अधिकारी ‘दुरुस्त होईल’ असे लिहून देऊन जबाबदारी अंगावर घेण्यापेक्षा ‘अतिधोकादायक’ असे लिहून मोकळा होणार, हे उघड आहे. परंतु नेमक्या याच ठिकाणी एक तांत्रिक चूक वर्षानुवर्षे होत आली आहे आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो.

गिरगावातील जुन्या चाळी काँक्रीटच्या नाहीत. वीट व चुन्याच्या जाड भारवाहक भिंती, त्यांवर टेकलेल्या सागवानी तुळया, कडीपाटाचे तक्ते, वर मंगळुरी कौले आणि बाहेरच्या अंगाला लाकडी कंसांवर पेललेली गॅलरी, अशी त्यांची रचना असते. अशी इमारत एकदम सगळी कुजत नाही. तुळई मधोमध खणखणीत असते आणि तिचे भिंतीत शिरणारे टोक मात्र भुसा झालेले असते, कारण बरोबर त्याच जागी वरच्या मजल्यावरच्या मोरीचे पाणी मुरत असते. सांडपाण्याच्या नळाच्या फटीत पिंपळ उगवतो, त्याची मुळे विटा उकलतात; मध्येच कोणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवतो आणि आतली ओल आतच कोंडून राहते. ही दुखणी ओळखीची आहेत आणि त्यांवर इलाजही आहेत. तुळईचे कुजलेले टोक कापून नवे जोडता येते, त्याखाली पोलादी आधार देता येतो, गळती थांबवून चुन्याचाच गिलावा पुन्हा करता येतो. पण संरचनात्मक तपासणीच्या नावाखाली आपल्याकडे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल अशा ज्या ठरावीक चाचण्यांचे तक्ते जोडले जातात, त्या मुळात काँक्रीट आणि त्यातल्या सळ्यांसाठीच्या आहेत. विटा, चुना आणि सागवान यांच्या इमारतीविषयी त्या फारसे काही सांगू शकत नाहीत. ज्या अहवालावर शे-दीडशे कुटुंबांचे भवितव्य ठरते, तो अहवाल त्या बांधकामाची जात ओळखणाऱ्या अभियंत्याने दिलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

दुसरा अडथळा पैशाचा आहे. मंडळाने दुरुस्तीवर प्रति चौरस मीटर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा आहे आणि अंदाजपत्रक त्या मर्यादेबाहेर गेले की इमारत वाजवी खर्चात दुरुस्त होण्यापलीकडची ठरते. म्हणजे ‘दुरुस्त होऊ शकत नाही’ या निष्कर्षाचा अर्थ पुष्कळदा ‘ठरवलेल्या रकमेत दुरुस्त होऊ शकत नाही’ एवढाच असतो. नोटीस वाचणाऱ्याला मात्र तो फरक कळत नाही. सागाचे भाव आणि चुन्याच्या कारागिरांची मजुरी पाहता, सर्व इमारतींना एकच मर्यादा लावणे म्हणजे जुन्या इमारतींचा निकाल आधीच लावून ठेवण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या कायद्यात १९८६ साली घातलेल्या आठ-अ प्रकरणानुसार ७० टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम भरून उपकरप्राप्त इमारत संपादित करून मागता येते. पाडकाम न करता भाडेकरूला मालक करणारी ही तरतूद होती. घरमालकांनी तिला आव्हान दिले, प्रकरण दशकानुदशके चालले आणि त्यातूनच उद्भवलेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधने म्हणून गणता येणार नाही. या निकालाचा रोख पाहता घरमालकाला नाममात्र रक्कम देऊन बाजूला सारण्याचा मार्ग यापुढे शहाणपणाचा नाही, आणि न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर तो पूर्वीही फारसा समर्थनीय नव्हता. गोठलेल्या भाड्याने घरमालकही पिचलाच आहे.

मग घरमालकाला मोबदला कोठून द्यायचा? याचे उत्तरही आपल्याच नियमावलीत पडून आहे. वारसा यादीतील इमारत राखल्यामुळे जे चटईक्षेत्र वापरता येत नाही, ते हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर म्हणून विकण्याची तरतूद वारसा नियमांत आहे. पण त्याचा लाभ मालकापुरता आहे. त्या इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला त्यातून मालकी मिळत नाही आणि पुरेसा दुरुस्ती निधी उभा राहील याचीही हमी मिळत नाही. माझी विनंती अशी की, वारसा यादीतील तसेच यादीबाहेरच्या पण ‘अ’ वर्गातील सुस्थितीत आणता येण्याजोग्या इमारतींसाठी हे दोन धागे एकत्र बांधावेत : न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर घरमालकाला मोबदला म्हणून मिळावा, त्यातला ठरावीक हिस्सा इमारतीच्या दुरुस्ती खात्यात सक्तीने जमा व्हावा आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला मिळताच भाडेकरूंच्या संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण व्हावे. दुरुस्ती झाली तर मालकी, असे साधे समीकरण एकदा नियमात आले की संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी भाडेकरूंच्या सभेत निदान दोन प्रस्ताव तरी टेबलावर असतील.

क्षेत्रफळाचे काय, असा प्रश्न आपले अधिकारी नक्की विचारतील आणि तो रास्त आहे. दुरुस्तीने खोली मोठी होत नाही. मात्र गिरगावातल्या कोणत्याही चाळीच्या गॅलरीतून चालत गेले तर अनेक दारांना कुलपे दिसतात. ती बिऱ्हाडे केव्हाच बोरिवली-डोंबिवलीला गेलेली आहेत आणि खोली केवळ पुनर्विकासाच्या आशेने धरून ठेवलेली आहे. ज्यांना जायचे आहे त्यांना टीडीआरच्या रकमेतून मोबदला देऊन, राहणाऱ्यांना शेजारची खोली जोडून घेण्याची मुभा दिली, तर तीनशे चौरस फुटांचा हिशेब पुष्कळ ठिकाणी जुन्या भिंतींच्या आतच जुळेल. संडास-न्हाणीघरांसाठी मागच्या बाजूला पोलादी सांगाड्यावर स्वतंत्र जोडइमारत उभारता येते. त्यातच उद्वाहनाची (लिफ्टची) सोय केली तर वृद्धांचा जिन्याचा प्रश्नही सुटतो आणि तुळया कुजवणारे पाणी भिंतींपासून कायमचे दूर जाते.

अग्निशमन दलाचा बंब अरुंद वाडीत शिरत नाही, हा आक्षेप मात्र मला सहज खोडता येत नाही. त्यासाठी प्रत्येक वाडीत दाबयुक्त पाण्याचे नळखांब, विद्युत वाहिन्यांची नव्याने मांडणी आणि काही ठिकाणी एखादी इमारत काढून मोकळी केलेली जागा, हे सगळे करावेच लागेल.

हे सारे एका इमारतीपुरते पाहून भागणार नाही, कारण गिरगावचे मोल एकेकट्या इमारतीत नसून वाडीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. १८९३ साली जिथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ काय किंवा कांदेवाडी, फणसवाडी, झावबावाडी काय, या सगळ्यांची रचना एकच तत्त्व सांगते : तीन-चार मजली उंची, रस्त्याकडे तोंड करून उभ्या गॅलऱ्या आणि वाहनांपेक्षा माणसांच्या चालण्यासाठी आखलेली गल्ली. याच वाड्यांत आज एकेका भूखंडावर टॉवर उभे राहत आहेत. त्यांचे खालचे पाच-सात मजले वाहनतळाचे असतात, म्हणजे गल्लीतून जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घराची खिडकी न येता उताराचा रॅम्प आणि जाळीची भिंत येते. मूळ भाडेकरू ज्या इमारतीत राहायला जातो, तिचे दरमहाचे देखभाल शुल्क काही ठिकाणी त्याच्या जुन्या भाड्याच्या अनेक पट असते. काही वर्षांत तो घर विकून निघून जातो, आणि मग कोणाचे पुनर्वसन झाले हे विचारायला कोणी जागेवर नसते. भायखळ्यापासून कुलाब्यापर्यंत शेकडो कुटुंबे संक्रमण शिबिरांच्या आणि बृहत्सूचीच्या (कायमच्या घराची वाट पाहणाऱ्यांच्या यादीच्या) फेऱ्यात अडकलेली आहेत, ती वेगळीच.

१९९५ साली वारसा नियमावली करणारी मुंबई या बाबतीत देशात अग्रेसर होती आणि २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको शैलीतील ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, याचा सर्वांना अभिमान आहे. पण त्या यादीत ओव्हल मैदानाभोवतीच्या वास्तू आहेत. गिरणगाव आणि गिरगाव त्यात नाहीत. वारसा यादीच्या श्रेणी तीनमधील इमारतींना आणि वारसा परिसरांना मिळणारे संरक्षण सर्वांत तोकडे असते आणि सामान्य माणसांची घरे नेमकी त्याच गटात मोडतात किंवा यादीच्या बाहेरच असतात.

आपल्याकडून तातडीने अपेक्षित असलेली गोष्ट मर्यादित आहे आणि तिला विधिमंडळाचीही गरज नसावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. पुढच्या यादीत प्रत्येक इमारतीपुढे आणखी तीन रकाने असावेत : बांधकाम कोणत्या प्रकारचे आहे, तपासणी कोणत्या पद्धतीने झाली, आणि खर्चाची मर्यादा बाजूला ठेवल्यास ती दुरुस्त होऊ शकते की नाही. त्याचबरोबर म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाखाली, मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेला जी पुढील सहा महिन्यांची मुदत मिळते, त्या मुदतीत पुनर्विकासाप्रमाणेच दुरुस्तीचा प्रस्तावही दाखल करून घ्यावा. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत असेल तर तिचा मसुदा येत्या अधिवेशनात मांडावा. मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाल्यास त्याची सुनावणी मंत्रालयात न ठेवता गिरगावातच, नोकरदारांना येता येईल अशा सायंकाळच्या वेळी ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
गिरगावातील एक भाडेकरू